भाकऱ्या सासूनं थापल्या होत्या

न्हाय, डॉक्टरीणबाई, नातीला टबात बाळंत व्हायला म्या सांगितलं न्हाय. मला कुणी इचारलं न्हाय, तरी ह्या पत्रात सांगते. पोरीनं पुण्याहून येतानाच हवा भरायचा टब आणला, लेकरं पोहायला बसत्यात तसला, अन् बेंबळी गावात आईच्या ओसरीत मांडून म्हणाली, "डिलिव्हरी इथंच. कोमट पाण्यात. सुई नाही, सलाईन नाही, सगळं नॅचरल." तिची आई म्हंजे माझी थोरली लेक, गावातच दिलेली. ती रडायला लागली. जावई टबाकडं बघून म्हणाला, "एवढं पाणी आणायचं कुठनं? नळ पाचव्या दिवशी येतोय." नात ऐकंना. मोबाईलमदी गोऱ्या बाया पाण्यात बसून हसत्यात, ते आमाला दाखवलं. बाळंत होताना हसणारी बाई म्या तर जल्मात बघितली न्हाय. तुमी तरी बघितली व्हती का?

अन् बोट कुणाकडं, तर माझ्याकडं. "आज्जी ज्वारीच्या काढणीत बाळंत झाली. विळ्यानं नाळ कापली, संध्याकाळी घरी येऊन भाकऱ्या थापल्या. तिला कुठं डॉक्टर होता? हे लोक उगाच घाबरवतात."

आता बोला. ही गोष्ट माझीच. पन्नास वर्षं सांगत आले. एखादी सून कण्हायला लागली की हमखास. सगळ्या बाया तोंडात पदर घालून ऐकायच्या अन् मला लई बरं वाटायचं. त्या गोष्टीतनं म्या तुमाला काढून टाकलं व्हतं. तुमी आलात की माझी मर्दुमकी कुठं राहती?

खरं काय ते तुमाला ठाऊक हाय. ऊन डोक्यावर आलंय. हीच थोरली लेक झालीय, रडलीय, सासूनं लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलीय. पण वार पडंना, अन् माझ्याखालची ढेकळं लाल व्हायला लागलीत. सासू म्हणती, जुनं रगत हाय, जाऊ दे. मला आभाळ पांढरं दिसतंय. दीर सडकंला पळतो, लस टोचायला निघालेल्या तुमच्या जीपम्होरं आडवा होतो. तुमी चपला हातात घेऊन ढेकळातनं येता, गुडघ्यावर बसता, सुई देता, अन् पोट असं दाबता की म्या तुमाला शिवी दिली. तुमी म्हणालात, "दे, अजून दे. शिव्या देणारी बाई जिवंत असते." सासू म्हणाली, "बाई, बाळंतपण आपसूक होतंय, तुमी कशाला हात घालता?" तुमी वर बघितलं बी न्हाय. "आपसूक तर मरण पण येतं, मावशी. सरका."

जीपमदनं दवाखान्यात नेलंत. दुसऱ्या दिवशी सासू माझा पहिला चीक पिळून मोरीत ओतायला लागली, घाण असतो म्हणून. तवा तिला सगळ्या वॉर्डासमोर झापलंत. "म्हैस व्याली की चिकाचा खरवस करून गल्लीभर वाटता, आणि नातीच्या वाट्याचा मोरीत?" सासूनं हात आवरला. मग तुमचा डबा माझ्या खाटंवर ठिवून म्हणालात, "खा." दोन भाकरी अन् शेंगदाण्याची चटणी. तुमी काय खाल्लं, म्या इचारलं बी न्हाय.

तर मागल्या महिन्यात एका सकाळी म्या नातीला खाटंवर बसवलं अन् सगळं सांगितलं. ढेकळासकट. माझी लेक चुलीपसनं उठून दारात आली. "आई, ह्ये मला बी कधी बोलली न्हाईस." नातीनं मोबाईल बाजूला ठिवला. मग म्हणाली, "आणि भाकऱ्या?"

"भाकऱ्या सासूनं थापल्या. म्या तीन दिवस दवाखान्यात पडून व्हते."

"आज्जी, तू माझा आदर्श होतीस."

"आता त्या डॉक्टरणीला कर. म्या फकस्त शिव्या दिल्या."

ती हसाय लागली, पोट धरून. हसता हसताच म्हणाली, "टब परत करता येतो का बघते."

धाराशिवच्या दवाखान्यातली डॉक्टरीण तरणी हाय, तुमच्यावाणी खेकसत न्हाय. म्हणाली, "कळा येताना फिर, आज्जीला जवळ ठेव, पाहिजे तशी बस. पण इथं." नात माझ्या गळ्यात हात टाकून भरदुपारी त्या व्हरांड्यात फेऱ्या मारायली अन् मला शिव्या देयली. म्या म्हणले, दे, अजून दे. पोरगी झाली, टणटणीत. मागनं नातीला रगत जरा जास्तीच जायला लागलं, तवा म्या नर्सचा हात धरला. पण सुई तयारच व्हती. थांबलं. नर्सनं पोरगी लगीच आईच्या छातीवर टाकली, अन् नात मला शिकवती, "आज्जी, हे नवीन आहे, पहिलं दूध फार मोलाचं असतं." म्या म्हणले, व्हय बाई, लई नवीन हाय. अन् इतकी हसले की नर्सनं मला बाहेर काढलं.

काल शेजारीण बाळ बघायला आली. म्हणाली, "हिला दवाखाना कशाला लागला? तुमी तर शेतात मोकळ्या झाल्ता." नात माझ्याकडं बघत व्हती, लेक बी. म्या म्हणले, "झाल्ते, पण मरायलाच टेकले व्हते. जीपवाली डॉक्टरीण आली म्हणून वाचले."

"कोण डॉक्टरीण? कशी व्हती?"

सांगायला तोंड उघडलं अन् कपच तिच्या हातात दिला. म्हणले, चहा गार व्हायलाय, पी अन् जा.

ह्ये पत्र कुठं टाकायचं न्हाय; तुमी आता कुठं हाय, हाय का न्हाय, त्ये बी मला ठाऊक न्हाय. अन् शेजारणीला का सांगितलं न्हाय ते म्या तुमाला बी सांगणार न्हाय. बास.