मेंढीसारखा धरलेला पेल्व्हिस

सोलापूर, शुक्रवार संध्याकाळ

काल इथं लिहिलं की वर्गातल्या रूपालीनं माझ्या हातातून पेल्व्हिसचा, कमरेच्या हाडांचा सांगाडा हिसकावला. तसं झालं नव्हतं. "देतीस का जरा?" असं तिनं विचारलं आणि मीच दिला.

शरीरात तो कसा असतो, ते मॅडमनी मला धरून दाखवायला सांगितलं होतं. नर्सिंगला येण्याआधीच मी आत्याकडून वेताला अडलेल्या मेंढ्या सोडवायला शिकलेली. "आदी हाताला वाट कळू दे, मग वढ," म्हणायची ती. म्हणून बिनधास्त धरला, पण माकडहाड वर, चार पायांवर उभ्या मेंढीचं असतं तसं. रूपालीनं दोन बोटांनी तो फिरवला. माकडहाड मागं, जघनाचं हाड पुढं. मॅडम म्हणाल्या, "आता बाई उभी राहिली." सगळ्या हसल्या. रूपाली हसली नाही, तेच जास्त लागलं का?

तिनं शेळीसुद्धा व्यालेली पाहिली नसेल. आणि ती दोन बोटं किती सहज फिरली. माझी का नाही?

काल जेवताना मुलींना हिसकावल्याचंच सांगितलं. आज मेसमध्ये ती आली तर एक म्हणाली, "ताटं धरा गं, हिसकावणारी आली की." रूपालीनं माझ्याकडं पाहिलं. त्याच बोटांनी ताट उचलून कोपऱ्यात एकटी बसली.

खरं सांगायचं, सगळ्यांसमोर. उद्या निम्म्या मुली गावी जातात, निम्म्यांपुढं सांगणं म्हणजे पळवाट. सोमवारी, हजेरी झाली की लगेच.