वायुवेग बोल्ड इटॅलिक

४ जुलै १९३४
बंदरावर मुंबईच्या कंपनीचं इंग्रजी पोस्टर पाहिलं. सॅन्स-सेरिफ बोल्ड इटॅलिक. अक्षरं जाडजूड, शेपट्या-फाटे काही नाही, उजवीकडे झुकून पळत सुटलेली. मराठीत असा टाइप मीच करणार! फणसाच्या लाकडात. नाव 'वायुवेग'. मेहुणा महिपत, कमळेचा धाकटा भाऊ, आपल्या बायकोच्या पाटल्या मोडून उतारूंसाठी मचवा घेतोय. त्याचं पोस्टर यातच. उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

५ जुलै
नऊला उठलो. कलाकाराला झोप लागते.

२ ऑगस्ट
टाइप तयार. अंगठा कापला. पहिलं प्रूफ काढलं. आत्माराम, माझ्या प्रेसातला वीस वर्षांपासूनचा कंपॉझिटर, म्हणाला, आप्पा, ही तर डावीकडे कलली.
खरं आहे. टाइप उलटा कोरावा लागतो. अक्षरं उलटी कोरली, कल उलटा करायचा राहिला. राहिला कसला, मुद्दामच! उजवीकडे काय, सगळेच झुकतात.

१४ ऑगस्ट
'महिपतचा मचवा. मांडवी ते जयगड. नारळी पौर्णिमेपासून.' पोस्टर छापलं, झकास! महिपतने मान डावीकडे कलवून पाहिलं. मग म्हणाला, भावोजी, तुम्हाला कळतं त्यातलं. कमळा पोस्टर न बघताच चुलीकडे वळली. तिचं हे बरं नव्हे.

१९ ऑगस्ट
बंदरावर पोस्टरं लावली. मासे विकणारी सोनूबाई, अक्षरशत्रू, समोर थबकली. रे मेल्या, म्हणाली, मचवा असा कलांडलेला कशाला काढलायस? म्हटलं, चित्र नाही गं, अक्षरं आहेत. तर म्हणते, मग अक्षरं बुडतायत.
लोक हसले नाहीत. हसायला हवे होते.

२२ ऑगस्ट
पोस्टर पाहून महिपतचे तिघांतले दोन खलाशी सोडून गेले. आत्माराम म्हणतो, पोस्टर जुन्या सरळ टाइपात तासाभरात जुळवून देतो. त्याला झापला. कलेत माघार नाही.

२४ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
दर्याला नारळ वाहिला. धक्क्यावर ही गर्दी! मचव्यात एक माणूस चढेल तर शपथ. सगळे पोस्टर बघतात नि मागे सरकतात. उतारूंचं वजन होईल म्हणून महिपतने तळाशी दगड भरले नव्हते. दुपारपर्यंत वाट पाहिली, मग उरलेल्या एका खलाशाला घेऊन रिकामाच निघाला. मी जाणार होतो, पण पोटात दुखत होतं. शीड छान दिसलं. किंचित डावीकडे.

२५ ऑगस्ट
जयगडहून निरोप नाही. वारा पडला असेल. कमळा जेवली नाही.

२६ ऑगस्ट, संध्याकाळ
महिपत आला. दोघांना कोळ्यांनी काढलं. मचवा गेला. हलका होता, एका झोतात आडवा झाला. महिपत पावसात भिजून आलाय, गारठलाय. माझ्याकडे पाठ करून बसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
त्याच्या अंघोळीला पाणी तापवायचं, तर लाकडं ओली. कमळा प्रेसात आली, टाइपाची पेटी उचलली. मी अडवलं नाही. फणस चांगला जळतो.
थोड्या वेळाने परत आली. अजून आहेत का, म्हणाली.
आठवण म्हणून महिपतच्या नावाची अक्षरं बाजूला ठेवली होती. तीही दिली.