बावीस डिग्री

३ मार्च, सोमवार
घडले ते असे:
१. आमच्या देखभाल विभागाच्या सरांच्या गुडघ्याचे ऑपरेशन. तीन आठवडे रजा.
२. इमारतीच्या एसीचा मास्टर पासवर्ड तोवर माझ्याकडे.
३. आजची मीटिंग संपेना. टेबलाखाली मोबाइलवर एसीचे ॲप उघडून मी खोली एकोणतीस डिग्रीवर नेली.
४. साहेब घाम पुसत म्हणाले, बाकीचं मेलवर बघू.
निष्कर्ष: लोकहित साधले. पुन्हा करणार नाही.

५ मार्च
पुन्हा केले. मीटिंग तीच, माणसेही तीच.
शनिवारी वाचकगटात माझे भाषण आहे: जादूच्या कादंबऱ्यांतली सत्ता आणि व्यसन. टिपण सोपे आहे. पहिला वापर भल्यासाठी. दुसरा सोयीसाठी. मग लपवालपवी. या पात्रांना स्वतःचे काही कसे दिसत नाही, याचे नवल वाटते.

६ मार्च
लिफ्टमध्ये अकाउंट्सचे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, तुमचं बरंय हो, बटण दाबलं की पगार. मी हसले. त्यांची केबिन सतरा डिग्रीवर नेली.
दुपारी ते मफलर गुंडाळून बसलेले. ही शिक्षा नव्हे. चाचणी.

८ मार्च, शनिवार
भाषण उत्तम. टाळ्या. घरी येताना धाकटा भाऊ म्हणाला, ताई, बोलताना सारखी मोबाइलमध्ये काय बघत होतीस? केबिनचे तापमान, असे सांगितले. म्हणाला, आज सुट्टी आहे ना गं! मग म्हणाला, ते ॲप काढून टाक, आत्ता, माझ्यासमोर. म्हटले, सोमवारी. तर म्हणतो, दारुडेसुद्धा सोमवारच धरतात.
कादंबऱ्या वाचून पोरगा वाया गेला आहे.

१० मार्च, सोमवार
ॲप काढले नाही. ते काढल्याने पासवर्ड रद्द होत नाही, मग उपयोग काय?
कुठल्याही खोलीचे तापमान बिघडले की अलार्म वाजतो आणि मेसेज सरांनाही जातो. आजारी माणसाला त्रास नको म्हणून अलार्म बंद केले. तात्पुरते.

१२ मार्च
अकाउंट्सच्या साहेबांनी हीटर आणला. उघड आव्हान.
थंड हवा पुरवणारे यंत्र एकच. त्यांच्याकडे जास्त हवी तर दुसरीकडची कमी करावी लागते. लॅबकडे जाणाऱ्या हवेची झडप अर्धी मिटली. अर्धीच.

१३ मार्च
लॅबमधली मैत्रीण प्रबंधासाठी बुरशी वाढवते. मी तिला बुरशीबाई म्हणते. ऑफिसात मी जेवते ती फक्त तिच्याबरोबर. तिच्या खोलीला बावीस डिग्री लागतात. रात्रभर चौतीस होते. सगळे नमुने मेले. वर्षभराचे काम.
स्टुलावर बसून होती. म्हणाली, अलार्म कसा वाजला नाही गं? तूच बघ, दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही.
सेन्सर बिघडला असेल, असे म्हणाले. जागेवर येऊन ॲपमधल्या माझ्या कालच्या नोंदी पुसल्या. मग लागोपाठ दोन कप चहा घेतला. सकाळपासून चहा झाला नव्हता, त्यामुळे.

१४ मार्च
नोंदींची एक प्रत सरांच्या घरच्या कॉम्प्युटरवर जाते. मला ठाऊक होते. विसरले कशी?
सरांचा फोन. ओरडले नाहीत. पासवर्ड बदललाय, एवढेच म्हणाले. बुरशीबाईलाही त्यांनीच सांगितले.
जेवणाच्या सुट्टीत तिच्यासमोर जाऊन बसले. तिने डबा बंद केला. म्हणाली, निष्काळजीपणा असता तर भांडले असते. तू खोटं बोललीस. यापुढे माझ्या टेबलावर येऊ नकोस.

१५ मार्च, शनिवार
सकाळी ॲप उघडले. फक्त पाहायला. पासवर्ड चुकीचा. पुन्हा. पुन्हा. आता खातेच कुलूपबंद. खिडकी उघडली, तरी गुदमरल्यासारखे होते.
भाऊ म्हणाला, तिला माफीचं पत्र लिही, आजच. पटले. दुपारभर बसले. झाले ते असे:

सर,
लॅबमधील खोली यापुढे बावीस डिग्रीवरच राहावी, यासाठी मी स्वतः लक्ष ठेवू इच्छिते. केवळ याच कारणासाठी नवीन पासवर्ड मिळावा. मंगळवार, १८ मार्चपर्यंत कृपया उत्तर द्यावे.