तांदळाच्या डब्यातले पाकीट

अण्णा नगर, चेन्नई
२९ ऑगस्ट २००४

चिरंजीव प्राणेश यास आजीचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही ठीक आहोत. माझे गुडघे तेवढे आपल्या मर्जीने वागतात. तुझ्या बहिणीला, शरण्याला, मराठी बोलता येते पण लिहिता येत नाही, म्हणून वरच्या मजल्यावरची रुचिरा लिहिते आहे. पुण्याची पोर, माझी वाक्ये सुधारते. मी म्हटले, "तंजावरात आम्ही तीनशे वर्षं सांभाळलेली भाषा, तू एका कागदात बदलू नकोस." हसते आहे. तेही लिहायला सांगितले.

तुला कीर्तिचक्र मिळाले. जखमी जवानाला पाठीवर घेऊन गोळ्यांतून आलास म्हणे. लहानपणी दळण आणायला सांगितले की तुझी पाठ दुखायची.

आता कबूल करते. तुझ्या पलटणीचे पाकीट आले तेव्हा घरी मी एकटीच होते. तुझा फोन महिनाभर नव्हता. पाकिटावर शिक्का. एकाहत्तरच्या लढाईत तुझ्या आजोबांच्या पलटणीची तार आली, तेव्हा मीच पोस्टमनला म्हटले होते, "वाच बाबा." त्याने वाचली.

या वेळी कुणाला वाचू दिले नाही. पाकीट तांदळाच्या डब्यात खुपसले. आठ दिवस ते बाजूला सारून तांदूळ काढत होते, भात रांधत होते. न वाचलेल्या पत्रात तू धडधाकट होतास. शेवटी शरण्याच्या हाती लागले. तिला वाटते म्हातारी विसरली. मी विसरले नव्हते.

तिने मोठ्याने वाचले. कौतुक वाचून झाले, आणि पुढचे वाक्य ती हळू वाचू लागली. तुला इथल्या लष्करी अकादमीत शिकवायला पाठवायचे म्हणतात, आणि तू त्याच चौकीवर परत जायला मागतोस. साहेबांनी विचाराला महिना दिला आहे.

पदक लागले की माणसाला भ्यायची लाज वाटू लागते, असे मला वाटते. तुला वाटते का रे?

खरे तर मी "तू जा" म्हणायला हवे, आजोबांच्या वेळी मी तसेच म्हटले होते. रुचिरा विचारते, पुढे काय लिहू. लिही, ये. दिल्लीत पदक घेताना ताठ उभा राहा आणि मग इथे शिकवायला ये. भ्यायचे असेल तर घरात भी, इथे कुणी चक्र मागे घेत नाही.

"नाही" लिहायचे असेल, तर पत्र पाठवू नकोस. फोन कर. ते तुझ्याच आवाजात ऐकेन.

तुझी, एकदा शूर होऊन पाहिलेली,
सईबाई आजी