घाई नाही

प्रिय भागीदार,

फोनच करणार होते. पण फोनवर तू नुसता 'हं, हं' करतोस आणि मी दोन मिनिटांत लिफ्टच्या दुरुस्तीवर घसरते. म्हणून पत्र. कामाच्या पत्रात जे अगदी शेवटी, जागा उरली तर लिहायचं असतं, ते आधीच लिहून टाकते: तुझी फार आठवण येते. झालं. आता पुढचं जरा शहाण्यासारखं लिहिता येईल.

ऑफिस आहे तिथंच आहे, लाँड्रीच्या वर. इस्त्रीची वाफ अजून जिन्यातून वर येते. घर विकायला आलेल्या माणसाच्या निम्म्या सुरकुत्या वर पोचेपर्यंत जातात, हा तुझा विनोद मी सगळ्यांना ऐकवते, माझा म्हणून. समोरच्या एजंटनं, आपल्या 'दोन-दिवसांत'नं, आता बोर्डाला दिवे लावलेत: 'तुमचं घर दोन दिवसांत विकून देऊ!' बिचाऱ्याचं स्वतःचं घर दोन वर्षं विक्रीला आहे. तुझी खुर्ची खिडकीपाशीच आहे. तिच्यावर मी फायली ठेवते, नाहीतर रिकामी दिसली की कुणीतरी बसतं.

परवा आपली वेबसाइट सांभाळणाऱ्या कंपनीतल्या बाई आल्या होत्या. म्हणाल्या, साइट इतकी जुनाट, तरी घर विकणारे एवढे लोक तुमच्याकडेच कसे येतात? मी म्हटलं, भागीदाराची करामत. आपण धंदा सुरू केला तेव्हा सगळ्यांच्या साइटवर चकाचक फ्लॅट आणि हसरी कुटुंबं असायची. सगळा थाट घेणाऱ्यासाठी. तू म्हणालास, घेणारा काय, जिथं घर आहे तिथं येतोच. आपल्याला विकणारा हवा, आणि त्याच्याशी कुणी धड बोलतच नाही. मग तू त्याच्यासाठी लिहायला बसलास. भिंतींना नवा रंग द्यावा की नाही. खिळ्यांची भोकं बुजवावीत की राहू द्यावीत. शेजाऱ्यांना कधी सांगावं. दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा असतील तर रंगाऱ्याला बोलवायच्या आधी त्यांचा फोटो काढून ठेवावा. मला कळेना, हा माणूस घरं विकायला निघालाय की राखायला. आणि पहिल्या पानावर, माझ्या फोटोखाली, फोन नंबरच्या वर तू एवढंच लिहिलंस: 'घाई नाही.'

त्या फोटोवरून आपण काय भांडलो होतो. माझे डोळे अर्धे मिटलेत त्यात. मी म्हटलं, झोपलेल्या बाईच्या हातात कोण घर देणार? तू म्हणालास, "झोपलेली नाही, ऐकत असलेली दिसतेस." आणि गिऱ्हाइकांसमोर मला 'बाईसाहेब, तुम्ही' म्हणणारा तू, हे मात्र 'दिसतेस' म्हणालास. तोच फोटो अजून आहे. केस आता तेवढे काळे नाहीत. लोक वर आले की आधी माझ्याकडे बघतात, मग फोटो आठवतात आणि सभ्यपणे गप्प बसतात.

पण त्या दोन शब्दांनी आपल्याला पोसलं, हे खरं. माणसं महिनोन्‌महिने साइट वाचतात आणि एक दिवस जिना चढून येतात. गेल्या आठवड्यात एका निवृत्त शिक्षिकेचं घर मार्गी लागलं. 'दोन-दिवसांत'नं त्यांना इतकं पिडलं होतं की त्या फोनला हात लावेनाशा झाल्या होत्या. आपल्याकडे आल्या त्या 'घाई नाही म्हणणाऱ्या तुम्हीच का?' असं विचारतच. मी त्यांना कधी टोचलं नाही. चांगली चांगली गिऱ्हाइकं त्यांनी परत पाठवली, विकायच्या घराला नवे पडदे लावले, तरी मी आपली गप्प. शेवटी व्यवहार झाला. किल्ली माझ्या हातात ठेवताना त्या आता कौतुक करतील म्हणून मी तयारीतच उभी होते. त्या म्हणाल्या, "तुमचं ते घाई नाही फार गोड लागलं हो मला. पण मुलगा बोलावत होता तेव्हाच गेले असते, तर नातवाला रांगताना बघितलं असतं. आता तो पळतो." रागावल्या नव्हत्या. उलट जाताना माझ्या गालाला हात लावून गेल्या. मी मात्र त्यांच्या रिकाम्या स्वयंपाकघरातला बंद नळ तीनदा बंद केला.

अति घाई संकटात नेई, असं रस्तोरस्ती लिहिलेलं असतं. अति सबुरी कुठं नेते, ते कुणी लिहीत नाही. वडिलांच्या आजारपणासाठी तू गावी निघालास, तेव्हा याच जिन्यात बॅग खाली ठेवून म्हणालास, आपल्या दोघांचं काय ते एकदा ठरवू या का? आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून जिभेला तेच वळण पडलेली मी पटकन म्हटलं, घाई नाही. तू हसलास, मीही हसले. वडील गेले तेव्हा तू कळवलंस, इथलं आवरतो, मग बघू. मी पुन्हा तेच म्हटलं. त्या वेळी दुसरं काही शोभलंही नसतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. आपण एवढे शहाणे की बाशिंग राहिलं बाजूला आणि गुडघेच कुरकुरायला लागले. धीर होता तो तुझ्या इथल्या फ्लॅटचा. 'भाड्यानं देऊ नकोस, आलो तर उतरू कुठं?' असं म्हणून तू किल्ली माझ्याकडे दिलीस. दर रविवारी मी जाते, खिडक्या उघडते, नळ सोडून बघते, तुझ्या गॅलरीतल्या खुर्चीवर बसून चहा पिते आणि कप विसळून ठेवते. ते घर तुझं आहे तोवर तू येणार आहेस, असं मी मनाशी धरून चालले होते.

आता मूळ मुद्दा. त्या बाईंनी परवा साइटवर एक नवी सोय बसवून दिली. कुणी 'घर विकायचं आहे' हे बटण दाबून पत्ता पाठवला, की त्याला आपोआप उत्तर जातं, म्हणजे माणूस तेवढ्यात समोरच्याकडे पळत नाही. मजकूर त्यांनी आपल्या पहिल्या पानावरूनच उचलला, पुढे एक ओळ स्वतःची जोडली. काल सकाळी पहिली चौकशी आली. दुसरा मजला, रस्त्याच्या बाजूला गॅलरी. खालचं नाव वाचायची गरजच पडली नाही. माझा नंबर तुला पाठ आहे, तरी परक्या माणसासारखं बटण दाबून आलास. तोंडानं सांगवत नसेल, असं मी समजते. आणि मी काही करायच्या आत, तुझेच शब्द माझ्या नावानं तुला परत गेले: 'घाई नाही. तुम्हाला वाटेल तेव्हा बोलू.' ते उत्तर माझं नाही, हे सांगायला हे पत्र. घर विकायचं तर खुशाल विक, मी चांगलं गिऱ्हाईक आणून देईन. पण त्यानंतर तू कुठं राहायचं, ते आधी माझ्याशी बोल, आणि इथं येऊन बोल. माझ्या घराला गॅलरी नाही, पण खिडकी मोठी आहे. ये. मला घाई आहे.

तुझीच, व्यवहारात आणि व्यवहाराबाहेरही,
बाईसाहेब