स्तोत्रातल्या चार मात्रा

बोरीवली (पूर्व),
ता. ९ नोव्हेंबर १९८६

बालमित्र विद्याधर यास,

श्यामसुंदरचा प्रेमाचा नमस्कार. मुलुंडची हवा तुझ्या गुडघ्यांना मानवते आहे ना? माझी प्रकृती उत्तम. फक्त घरी कोणी ऐकत नाही. सूनबाई जयंती गुणाची आहे, पण मी तिसरीच्या पुस्तकातली कविता सुरू केली की दुसऱ्या कडव्याला तिची भाजी करपते. (रोज. कोणतीही भाजी.)

तर गेल्या महिन्यात सोसायटीच्या बाकावर चंद्रप्रकाश नावाचा पांढऱ्या झब्ब्यातला तरुण माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "काका, एकटेच?" निवृत्तीनंतर हे मला कोणी विचारलं नव्हतं. त्याने मला गोरेगावला 'अमृतछाया परिवारा'त नेलं. मी आत शिरताच तीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. (शाळेत पाठांतराचं बक्षीस घेताना वाजल्या होत्या, त्यानंतर याच.) तिथे नव्या माणसाला आठवडाभर कोणी अडवत नाही. मी रोज दोन तास कविता म्हटल्या. तिथल्या प्रेमाताई डोळे मिटून "वा काका!" म्हणत आणि मधूनच डोळे उघडून वहीत काहीतरी टिपत. घरी तुम्हाला कोण दुखवतं, असं त्यांनी फार मायेने विचारलं. मी भाजीचं सांगितलं. "हेच ते बंधन! तोडा काका, आणि इथेच राहायला या." मी माळ्यावरची ट्रंक काढली. जयंती रडायला लागली. "बाबा, हे लोक गोड बोलून माणसं पळवतात हो!" मी म्हटलं, निदान बोलतात तरी.

आठव्या दिवशी मात्र ऐकायची पाळी माझी आली. परिवाराच्या गुरुदेवांनी स्वतः रचलेलं स्तोत्र मला अकरा वेळा लिहून आणायला दिलं. अरे, दर ओळीत चार मात्रा कमी! (आपल्या पाठारे मास्तरांनी छडीच काढली असती.) मी त्या लाल शाईने भरल्या, वर "प्रयत्न बरा" असा शेरा दिला आणि वही परत केली. तीसच्या तीस चेहरे एकदम मिटले. अहंकार गळेपर्यंत मी कविता म्हणायची नाही, असं ठरलं. आणि अहंकार गळाला हे दाखवायचं तर परिवारात दोन नवी माणसं आणायची.

मी ट्रंक परत माळ्यावर ठेवली. जयंतीने शेजारीपाजारी पेढे वाटले. त्या भामट्यांच्या तावडीतून मी वेळीच शहाणा होऊन सुटलो, असं ती सर्वांना सांगते, आणि मीही मान डोलावतो. तूही सावध राहा.

तुझाच,
श्यामसुंदर

ता. क. : रविवारी सकाळी चंद्रप्रकाश तुझ्याकडे येईल. पत्ता मीच दिला. तो म्हणेल त्याला महिनाभर तरी हो म्हण.

आणखी एक : हे पत्र शकुवहिनींच्या हाती पडू देऊ नकोस. माणसं दोन लागतात.