कोपऱ्यातलं कपाट

प्रिय भिंगरी,

फोन उचलत नाहीस, दार उघडत नाहीस, आणि आईच्या हाती निरोप धाडावा तर ती म्हणते, तुमचं तुम्ही बघा, मला मधे घालू नका. शाळेत असताना आपलं भांडण झालं की मी चिठ्ठी लिहून तुझ्या उशीखाली सरकवायचे आणि तू ती न वाचताच चुरगळायचीस. हे पत्र चुरगळू नकोस. पाया पडते तुझ्या. मोठी बहीण असून पडते.

 दोन दिवस सारखा तुमच्या वॉर्डातल्या प्रशिक्षणाचा तो पहिला दिवस डोळ्यांसमोर येतो. काय मिरवत होते मी! कोरी फाईल, गळ्यात ओळखपत्र, आणि 'लीन पद्धत' तर अशी सांगत होते, जणू आपल्याच घरात जन्मली ती. कामातलं जे जे वाया जातं ते शोधून काढून टाकायचं, म्हणजे वाचलेला वेळ पेशंटला मिळेल, असं फळ्यावर लिहिलं. खोटं नव्हतं ते. दहा वर्षं वॉर्डात पायांचे तुकडे पडेपर्यंत चालले, तेव्हा कुठे शिकवायला लागले. घरी आल्यावर माझ्या पोटऱ्यांना तेल तूच चोळायचीस.

मग तो दोऱ्याचा खेळ. वॉर्डाचा नकाशा पुठ्ठ्यावर डकवला, खाटांच्या जागी टाचण्या टोचल्या आणि प्रत्येकीच्या सकाळच्या खेपा दोऱ्यानं दाखवल्या. सगळ्यांत लांब दोरा तुझा, लाल. तो पुन्हा पुन्हा त्या खांबाआडच्या कोपऱ्यात जात होता, अकरा नंबरच्या खाटेपलीकडच्या कपाटाशी. चादरी तिथे, पट्ट्या तिथे, सलाईन तिथे. मी म्हटलं, उगाच नाही आम्ही घरी हिला भिंगरी म्हणत. वॉर्डबॉय मामा हसले, मोठ्या सिस्टर हसल्या, तूही हसलीस. तुझे कान मात्र लाल झाले होते. मला ते दिसलं आणि मी पुढचा मुद्दा घेतला.

दुसऱ्या दिवशी कपाट उचलून तुमच्या टेबलाशेजारी आणलं. तुझं चालणं निम्म्यावर आलं. टाळ्या वाजल्या, अधीक्षकांनी माझी पाठ थोपटली. हिरमोड झाला तो फक्त अकरा नंबरच्या सुतारकाकांचा. पोटाचं ऑपरेशन होऊन दोनच दिवस झाले होते, पण कपाटाची बिजागरी कुरकुरते, उठलो की आधी तिला तेल घालतो, असं त्यांनी तुला कबूल केलं होतं. कपाट निघालं तेव्हा मला म्हणाले, गिऱ्हाईक पळवलंत की हो माझं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. पोटात आतल्या आत रक्तस्राव झाला. घंटेचं बटण खाटेखाली लोंबकळत होतं आणि हाक मारण्याइतकं त्राण उरलं नव्हतं. बाराला तू त्यांची नाडी, रक्तदाब बघितलास, पुढची तपासणी चारला. साडेतीनला काकू डबा घेऊन आल्या आणि त्यांनाच ते आधी कळलं. नियमाप्रमाणे तुझं काही चुकलं नाही. तरी चौकशी समिती विचारतेय, इतक्या वेळात त्या खाटेकडे एकदाही कशी फिरकली नाहीस, टेबलाशी बसून काय करत होतीस? काय करत होतीस ते मला ठाऊक आहे. मीच दिलेला तक्ता भरत होतीस, वाचलेल्या वेळाचा.

कपाट जागेवर असतं तर तेवढ्या वेळात तू सात-आठदा तिकडे गेली असतीस. चादर काढता काढता नजर टाकली असतीस. ओठ पांढरे पडलेत, कपाळावर घाम आलाय, हे तुझ्या नजरेतून सुटलं नसतं. मी वाया म्हणून जे काढून टाकलं, तेच तुझं खरं काम होतं.

आता पुढचं लिहायला हात धजत नाही. हे मला आत्ताच सुचतंय, असं आईला भासवता येईल, तुला नाही. तू मला आधीच सांगितलं होतंस. सगळ्यांनी आपापली शंका पिवळ्या चिठ्ठीवर लिहायची आणि प्रत्येक चिठ्ठी सगळ्यांसमोर वाचायची, हा नियम माझाच. तुझ्या चिठ्ठीत होतं, 'कपाटाकडे जाताना मी कोपऱ्यातल्या पेशंटना बघते. ते हलवलं तर कोण बघणार?' ती मी वाचली नाही. घरचीच तर आहे, संध्याकाळी समजावू, असं वाटलं. खाली पेन्सिलनं 'सवय सुटत नाही' असं खरडलं आणि फायलीत सरकवली. संध्याकाळी समजावायचंही राहून गेलं.

परवा समितीनं मला विचारलं, या बदलाला कुणाची हरकत होती का. मी म्हटलं, "नाही. सगळ्यांची संमती होती." तू बाहेर बाकावर होतीस आणि दार उघडं होतं. नंतर तुला आत बोलावलं तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "चुकलं माझं." माझं नाव घेतलं नाहीस. घेतलं असतंस तर मला इतकी लाज वाटली नसती गं.

आई सांगते, चूक कबूल करून तू राजीनामा लिहून ठेवलायस. त्यावर सही करू नकोस. सही केलीस तर नर्सिंगचा परवाना जाईल, मग कुठलंच रुग्णालय तुला दारात उभं करणार नाही, आणि या कामावाचून तू जगायची नाहीस. उद्या अकराला शेवटची बैठक आहे. तिथे मी खरं सांगायचं ठरवलंय. पण परवाही तेच ठरवून आत गेले होते आणि खुर्चीत बसल्यावर जीभच उलटली. माझा मला भरवसा राहिलेला नाही, म्हणून हे पत्र. तोंडी सांगितलं असतं तर उद्या नाकारता आलं असतं. हे माझं अक्षर आहे, खाली माझी सही आहे, आणि तुझी पिवळी चिठ्ठी सोबत टाचली आहे. पेन्सिलची ओळ पुसायला खोडरबर हातात घेतलं होतं, पुसली नाही. उद्या मी बोलले तर हे फाडून टाक. माझी दातखीळ बसली तर ऊठ आणि हे त्यांच्या टेबलावर ठेव. त्या वेळी माझ्याकडे बघू नकोस.

तुझीच,
ताई